आधी मशीनचा दसरा, मग धुण्याचा

भाद्रपदाचा वद्य पक्ष उतरणीला लागला आणि पक्षपंधरवड्यातील श्राद्धकर्मे आटोपत आली की मराठवाड्यातील घराघरांतून एकच लगबग सुरू होते. तिला आपल्याकडे ‘दसरा काढणे’ असे म्हणतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसावयाचे. कुणाच्या घरी माहूरची रेणुका, कुणाच्या घरी तुळजापूरची भवानी नऊ दिवस वास करावयाची. तेव्हा तिच्या आगमनापूर्वी घरातली चिंधीन् चिंधी पाण्यातून निघालीच पाहिजे, असा हा दंडक. अंथरुणे, पांघरुणे, वाकळा, गोधड्या, अभ्रे, पडदे, धान्याच्या पोत्यांवरची फडकी, फार काय, ट्रंकेच्या तळाशी वर्षभर पडून राहिलेले लुगडेदेखील या दिवसांत एकदा ऊन पाहते. सेनगावात आणि आसपासच्या खेड्यांत या दिवसांत फिरून पाहावे. गच्ची, कुंपण, गोठ्याचे छप्पर, जेथे जागा मिळेल तेथे धुणे वाळत पडलेले दिसेल.

पूर्वी हा सोहळा नदीवर होत असे. कयाधूकाठच्या गावांतून बैलगाडीत गाठोडी घालून बायका पात्रावर जात आणि दिवस मावळता परत येत. बरोबर भाकरी, ठेचा, कडेवरची पोरे आणि तोंडी गाणी. धुण्याचा धोंडा हेच त्या काळचे यंत्र. त्या धोंड्याचा एक गुण आपल्या कधी ध्यानात आला नाही, कारण तो ध्यानात येण्याचे कारणच पडले नाही. तो धोंडा कधी मळत नसे. वाहते पाणी त्याला अष्टौप्रहर धूत असे आणि नदी आटली म्हणजे ऊन त्याला भाजून काढीत असे. गावच्या परटाचीही तीच रीत. खारमातीच्या पाण्यात भिजविलेले कपडे तो भट्टीवर चढवी, वाफेवर शिजवी, मग पात्रावर आपटून पाण्यात खळबळून उन्हात टाकी. कढतपणा, खार, वाहते पाणी आणि ऊन या चार गोष्टींनी मळ निघे, वास जाई, आणि ज्या साधनाने धुतले तेही आपोआप शुद्ध होत असे.

वस्त्राशी आपल्या संतपरंपरेचा संबंधही काही थोडाथोडका नाही. आपल्याच जिल्ह्यातील, कयाधूकाठच्या नर्सीचे नामदेव महाराज शिंप्याच्या कुळातले. विदर्भातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा परिटाच्या घरचे; आधी हातात खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत सुटला नाही. बाबांच्या या क्रमाची आठवण मला एका वर्षी अगदी अवचित झाली, आणि ती आमच्या न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या वॉशिंग मशीनमुळे!

आता सेनगावसारख्या तालुक्याच्या गावीही मशीन ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. मराठवाड्याला तर ती मुळीच परकी नव्हे. त्या काळचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील व्हिडिओकॉनची यंत्रे मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरली त्याला आता तीन तपे होत आली. तो कारखानदारी समूह पुढे २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला, हा भाग निराळा. परंतु ‘मशीन’ हा शब्द आपल्या घरात रुजला तो त्या पिढीपासून. आजची सून वाकळ नदीवर नेत नाही, मशीनच्या पोटात टाकते आणि स्वयंपाकाला लागते. यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. ज्या बायांनी पाठीचे कणे मोडीपर्यंत धुणी आपटली त्यांना विचारा, त्याही हेच सांगतील.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अमावास्येच्या आदल्या दिवशी आमच्या घरचे धुणे मशीनमधून निघाले. त्यात घटाच्या चौरंगावर अंथरावयाचे पांढरे वस्त्रही होते. दोरीवर टाकण्यासाठी झटकले तर त्यावर राखी रंगाचे, ओलसर, पापुद्र्यासारखे कण चिकटलेले. वाटले, खिशात कागद राहिला असेल. पुन्हा धुतले, पुन्हा तेच. आणि वास! भिजून राहिलेल्या गोणपाटाला येतो तसा कुबट वास. आत्याबाईंनी वस्त्र हातात घेतले, नाकाशी नेले आणि शांतपणे विचारले, “ज्या घंगाळात अंघोळ करायची ते आपण आधी घासतो ना गं? मग हे कधी घासलं होतंस?” मजजवळ उत्तर नव्हते. मशीन घरात येऊन सात वर्षे झाली होती, आणि रोज साबणाच्या पाण्यात बुडणारी वस्तू आणखी धुवावयाची असते हे माझ्या स्वप्नीही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने वरची झाकणे काढून आतील टाकी बाहेर ओढली, तेव्हा जे दिसले ते सणासुदीच्या पानावर सविस्तर लिहिण्याजोगे नाही. दिसणारी पोलादी टाकी आतून आरशासारखी लख्ख. परंतु तिच्या बाहेरून, म्हणजे तिच्या आणि बाहेरील प्लॅस्टिकच्या टाकीच्या मधल्या पोकळीत, बोटभर जाडीचा करडा थर. “काकू, तुमचं एकटीचं नाही, समद्यांचं असंच असतं,” असे म्हणून त्याने माझे समाधान केले. मला ते समाधान वाटले नाही. त्या वर्षी आमच्या चौरंगावर नवे वस्त्र आणून अंथरले.

हा थर येतो कोठून, हे समजले म्हणजे अर्धे काम झाले. मशीनमध्ये दोन टाक्या असतात. कपडे फिरतात ती आतील टाकी छिद्रांची. पाणी धरून ठेवते ती बाहेरील. कपड्यांतून सुटलेला मळ, अंगाचे तेल, सुताचे तंतू आणि न विरघळलेली पावडर ही त्या छिद्रांतून मधल्या पोकळीत जातात व तेथेच चिकटतात. त्यात आपले पाणी. मराठवाड्याच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण अशा पाण्यात फेसाळत नाही, फाटतो, आणि त्याचा चिकट साका बनतो. पावडरीतील सोड्याने क्षारांचा पांढरा चुना खाली बसतो. बादलीच्या आतल्या बाजूस, तापविण्याच्या कांडीवर जो कठीण लेप आपण पाहतो, तोच मशीनच्या पोटातही बसत असतो. फरक इतकाच की तेथे आपली नजर पोहोचत नाही.

साका, तेल आणि चुना यांच्या या लेपावर सूक्ष्म जंतू घर करतात. काळोख आहे, ओल आहे, खाद्य आहे. त्यांना आणखी काय हवे? धुतलेल्या कपड्यांना ओले असता जो कुबट वास येतो, त्याला ‘मोराक्झेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जंतू प्रामुख्याने कारणीभूत असल्याचे जपानमधील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. धुऊन वाळवूनही तो तगून राहतो, हे त्यातले विशेष. म्हणून वास येतो तेव्हा आपण अधिक पावडर घालतो, सुगंधी द्रव घालतो, तो उपाय उलटा पडतो. जास्तीची पावडर खंगाळून निघत नाही, सुगंधी द्रवाचा स्निग्ध अंश थरात भर घालतो, आणि जंतूंची पंगत चालू राहते. शिवाय आपण बहुतेक सारे धुणे थंड पाण्यात काढतो. नदीला वाहता ओघ होता, परटाला भट्टी होती. मशीनला यांपैकी काहीच नाही. ते झाकण लावलेले भांडे आहे, आणि झाकलेल्या ओल्या भांड्याचे जे होते तेच त्याचे होते.

आता प्रत्यक्ष कृती. ती सर्वपित्री अमावास्येच्या चार-पाच दिवस आधी, मोठे धुणे काढण्यापूर्वी करावी. सगळे धुणे झाल्यावर नव्हे. सर्वप्रथम मशीनचा प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेच्या वस्तूशी खेळू नये, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे अधिक घरांतून दोन टाक्यांचे, अर्धे हाताने चालवावयाचे मशीन असते. त्याच्या धुण्याच्या टाकीत तळाशी एक फिरती चक्ती असते. सारा गाळ तिच्याखाली. मधला स्क्रू सैल करून बहुतेक मशीनची ती वर उचलता येते. खाली सुताचा लगदा, नाणी, टाचण्या, बांगडीचे तुकडे आणि वर्षापूर्वीच्या लग्नातल्या अक्षताही सापडतील. तेथे जुन्या दातघासणीने घासून घ्यावे. चक्ती निघत नसेल तर जोर करू नये, मिस्त्रीला बोलवावे. टाकीच्या कडेला जाळीची पिशवी असते, ती दर धुण्यानंतर उलटी करून धुवावी. फाटली असेल तर नवी बसवावी, किंमत फारशी नसते. पिळण्याच्या टाकीतही खाली हात जाईल तेथवर फडके फिरवावे.

वरून झाकण उघडणाऱ्या संपूर्ण स्वयंचलित मशीनमध्ये मधल्या पोकळीपर्यंत हात पोहोचत नाही, तेथे पाण्यालाच पाठवावे लागते. देवाची तांब्याची उपकरणी आपण चिंचेने किंवा लिंबाने उजळतो. आंबट पदार्थ तांब्यावरचा काळपटपणा कापतो, तसाच तो चुन्याचा लेपही विरघळवितो. वाण्याकडे लिंबूसत्त्व मिळते. मशीनमध्ये कपडे न घालता पाणी सर्वांत वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्यात सुमारे शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालून काही मिनिटे फिरवावे, मग बंद करून तासभर तसेच मुरू द्यावे आणि पुन्हा फिरवून सोडून द्यावे. पाणी कढत असल्यास गुण अधिक. तथापि उकळते पाणी ओतू नये, प्लॅस्टिक व रबर वाकडे होते. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत जितकी उष्णता सोसेल असे लिहिले असेल तितकीच. दोन टाक्यांच्या मशीनला हाताला सोसवेल इतकेच गरम पाणी पुरे. ज्या मशीनवर ‘टब क्लीन’ असे बटण आहे, त्यांचे काम ते बटणच करते. आश्चर्य हे की ते बटण कधीही न दाबलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

लिंबूसत्त्वाने चुना जातो, तेलकट साका जात नाही. त्यासाठी खार हवा. म्हणून आदल्या दिवशी याच रीतीने धुण्याचा सोडा घालून एक फेरी द्यावी, साध्या पाण्याने खंगाळावे, आणि दुसऱ्या दिवशी लिंबूसत्त्वाची फेरी. दोन्ही एकदम घालण्याची एक हौस हल्ली दिसते; सोडा आणि आंबट द्रव एकत्र ओतले की मोठा फेस उसळतो आणि पाहणाऱ्यास वाटते, काय झपाट्याने साफ होते आहे! वास्तविक तेथे दोघे एकमेकांस मारून मोकळे होतात, आणि मळ आपल्या जागी सुखाने बसून राहतो. त्याहून गंभीर गोष्ट ही की कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि कोणताही आंबट पदार्थ कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरे केवढीशी असतात! ब्लीच वापरावयाचे झाल्यास निराळ्या दिवशी, बाटलीवरील मापाने, खिडकी उघडी ठेवून.

समोरून दार उघडणारे मशीन असेल तर दाराभोवतीच्या रबरी कड्याची घडी बोटाने उलटून पाहावी. काळी बुरशी तेथेच असते. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या फडक्याने टिपावे. खाली कोपऱ्यात एक लहान झाकण असते, त्यामागे पाण्याच्या वाटेवरील गाळणी. खाली परात ठेवूनच ती फिरवावी, नाहीतर न्हाणीघरात तळे होते. पावडरीचा कप्पा ओढून काढून नळाखाली धरावा. आणि कोणतेही मशीन असो, नळाची नळी जेथे मशीनला जोडली जाते तेथे एक बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्यातली रेती तिच्यात अडते आणि मशीन तासन् तास पाण्याची वाट पाहत बसते. लोक मशीन बिघडले म्हणून मिस्त्रीला पैसे देतात. दोष त्या रुपयाएवढ्या जाळीचा असतो.

येथे कुणी म्हणेल, पाणी आणावयाचे कोठून? हा प्रश्न मराठवाड्यात विनोदाचा नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते अजून कुणी विसरलेले नाही. माझा अनुभव असा की थर साचू दिला तरच पाणी फार लागते. महिन्याला एकदा एक फेरी दिली तर वर्षाकाठी चार वेळा तेच तेच कपडे पुन्हा धुण्याचे पाणी वाचते. सोड्याच्या फेरीचे पाणी बादल्यांतून धरून ठेवावे. न्हाणीघराची फरशी, मोरी, गोठ्याची जमीन त्याने उत्तम निघते. मात्र हे पाणी तुळशीवृंदावनात किंवा फुलझाडांना घालू नये. खाराने मुळे जळतात.

रोजची शिस्त याहून सोपी आहे, आणि खरे काम तीच करते. धुणे संपताच कपडे काढावेत, दुपारच्या झोपेवर ढकलू नयेत. झाकण निदान अर्धा दिवस उघडे ठेवावे. घरात रांगते मूल असल्यास समोरच्या दाराच्या मशीनवर नजर असावी. पावडर मापाने, मुठीने नव्हे. समोरच्या दाराच्या मशीनला कमी फेसाची पावडर लागते, ती निराळी येते. खिसे तपासावेत: अक्षता, सुपारी, सुट्टी नाणी, कापसाची वात, काडेपेटी, सणाच्या दिवसांत काय निघेल त्याचा नेम नाही. सांडपाण्याच्या नळीच्या तोंडाशी आणि मशीनच्या तळाशी जाळी लावावी, कारण पावसाळ्यात उंदीर आडोसा शोधत तेथे शिरतात आणि वायरी कुरतडतात. हे आमच्याकडे दोनदा झाले.

काही गोष्टी मशीनमध्ये घालूच नयेत. सोवळ्याचे रेशमी पीतांबर, जरीचा शालू, देवीचा खण यांची जागा तेथे नाही. शास्त्र बाजूस ठेवले तरी रेशीम आणि जर त्या गरगरण्याने विटतात. ती स्वच्छ घंगाळात, आपल्या हातांनी, रिठ्याच्या पाण्यात काढावीत व सावलीत वाळवावीत. गोधड्या आणि वाकळाही नकोत. मशीनवर जे सहा-सात किलो लिहिलेले असते ते कोरड्या कपड्यांचे वजन. भिजलेली वाकळ त्याच्या कितीतरी पट भरते, टाकी एका अंगाला कलंडते आणि आतले दांडे, स्प्रिंगा तुटतात. वाकळ गच्चीवरच, पायांनी तुडवून. त्या दिवशी शेजारणी एकत्र आल्या तर नदीवरच्या गाण्यांची आठवणही होते.

राहता राहिला हळदीचा डाग, आणि हिंगोली जिल्ह्यात हळदीला कोण चुकवील? हळद लागलेला कपडा साबणात घातला की तो लाल होतो आणि नवी सून घाबरते. त्यात भिण्यासारखे काही नाही. खाराने हळद लाल होते, हळदीला चुना देऊनच तर कुंकू करीत आले. चांगला धुऊन, खार पूर्ण निघेपर्यंत खंगाळून, तो कपडा आश्विनाच्या कडक उन्हात दोन दिवस टाकावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कुंकू मात्र असे जात नाही, आणि सोबतच्या पांढऱ्या कपड्यांनाही रंगवून सोडते. म्हणून घटाचे वस्त्र व पूजेची फडकी इतर धुण्यापासून निराळीच काढावीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे मशीनचा दसरा चतुर्दशीच्या चार दिवस आधी निघाला. पहिल्या फेरीचे पाणी चहासारखे आले, दुसरीचे ताकासारखे, तिसरीचे स्वच्छ. चौरंगाचे वस्त्र मग घंगाळातच धुतले. ते दोरीवर टाकताना आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी टोक नाकाशी नेले, काही बोलल्या नाहीत, आणि घटाची माती चाळावयास निघून गेल्या.